आलेखावरची शाब्दिक उदाहरणं: आधी वाक्य, मग आकडेमोड

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी आठवीत आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, शाळा सहा किलोमीटरवर. टक्केवारी, समीकरणं, सरासरी तिला चांगलं येतं. पण उदाहरणासोबत आलेख दिला की ती गोंधळते. शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत आलेखावरचे सगळे प्रश्न चुकले. मी बारावीपर्यंत शिकले आहे, घरी शिकवू शकते. सुरुवात कुठून करू?"

ताई, तुम्ही स्वतः तिला घेऊन बसणार आहात हे वाचून फार बरं वाटलं. मी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या खेड्यांमध्ये एकतीस वर्षं गणित शिकवलं. तुमच्या लेकीसारखी मुलं मला दरवर्षी भेटली. समीकरण फटाफट सोडवणारी, आणि आलेख समोर आला की पेन तोंडात धरून बसणारी. अशा मुलांचं गणित कच्चं नसतं. त्यांना आलेख वाचायला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून ती त्याच्याकडे चित्रासारखं बघत राहतात.

एका वर्गातला प्रसंग सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचं ते लक्षात येईल. फळ्यावर मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वेळ, साडेनऊ ते सव्वादहा. उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर, किलोमीटरमध्ये. एक मुलगी साडेनऊला सायकलनं घरून निघते. रेषा तिरपी वर जाते ती ९.५० ला ४ किलोमीटरपर्यंत. तिथून १० वाजेपर्यंत आडवी. मग पुन्हा तिरपी, १०.१० ला ६ किलोमीटरवर शाळा.

"ही रेषा काय सांगते?" मी विचारलं.

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, पोरगी टेकडी चढून रायली."

"मग?"

"मंग सपाट रस्ता लागला. मंग पुन्हा चढाव."

अर्धा वर्ग मान डोलवत होता. मी विचारलं, "आपल्या शाळेच्या रस्त्यावर टेकडी कुठं आहे रे?" वर्ग गप्प. खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर कपाशीचं सपाट काळं रान होतं.

मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि आडव्या तुकड्याच्या सुरुवातीला बोट ठेवायला लावलं. "सरळ खाली ये. किती वाजले?" "नऊ पन्नास." "आता परत वर जा, आणि तिथून डावीकडं. घरापासून किती दूर?" "चार किलोमीटर." "आता दोन्ही मिळून एक वाक्य म्हण." तो हळूहळू म्हणाला, "नऊ पन्नासला पोरगी घरापासून चार किलोमीटरवर होती." मग बोट आडव्या तुकड्याच्या शेवटी नेलं. "दहा वाजता पोरगी... घरापासून चार किलोमीटरवरच होती." आणि तो एकदम थांबला. "सर, थे तं थांबून रायली! सायकलची चैन उतरली असन."

त्या दिवसापासून मी आलेख शिकवण्याची सुरुवात कायम इथूनच केली. आलेखावरचा प्रत्येक बिंदू हे एक वाक्य असतं. त्यात दोन माहित्या असतात, एक आडव्या अक्षावरची आणि एक उभ्या अक्षावरची. ते वाक्य मुलानं मोठ्यानं, पूर्ण म्हणायचं. "चार" असं नुसतं उत्तर मी कधी घेतलं नाही. चार काय, केव्हा, कुठून, हे सगळं वाक्यात यायला हवं. शाब्दिक उदाहरण म्हणजे अशी तीन-चार वाक्यं आणि शेवटी एक प्रश्न. आलेखावरच्या उदाहरणात परीक्षकानं ती वाक्यं लिहून दिलेली नसतात, रेषेत ठेवलेली असतात. ती बाहेर काढून वहीत लिहिली की पुढचं गणित तुमच्या लेकीला येतंच.

याच सायकलीचा प्रश्न घ्या: "संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?" पहिल्या टप्प्यात २० मिनिटांत ४ किलोमीटर, म्हणजे ताशी १२. शेवटच्या टप्प्यात १० मिनिटांत २ किलोमीटर, तेही ताशी १२. मधे शून्य. बरीच मुलं १२, ० आणि १२ यांची बेरीज करून तिनानं भागतात आणि ८ लिहितात. काही जण थांबण्याचा वेळ सोडून देतात आणि १२ लिहितात. आता फक्त दोन वाक्यं म्हणून बघा: साडेनऊला ती घरी होती, दहा वाजून दहा मिनिटांनी ती ६ किलोमीटरवर होती. ४० मिनिटांत ६ किलोमीटर, म्हणजे ताशी ९. सरासरी वेग विचारला की रेषेची दोन टोकं घ्यायची, मधल्या वळणांकडे बघायचं नाही. पण "सर्वात वेगात केव्हा गेली?" असा प्रश्न असेल तर रेषेचा एकेक तुकडा बघायचा, जो सर्वात उभा चढतो तो घ्यायचा. कोणत्या प्रश्नाला रेषेचा कोणता भाग लागतो, हे ओळखणं म्हणजे अर्धं उदाहरण.

आता चुकांचं मोठं घर, प्रमाण. आलेख कागदावर एका सेंटिमीटरात दहा बारीक घरं असतात. प्रमाण "१ सेमी = २० क्विंटल" असेल तर एका बारीक घराची किंमत २ क्विंटल. मुलं ४० च्या वर तीन घरं मोजतात आणि ४३ लिहितात. हवं असतं ४६. लेकीला सवय लावा की आलेख समोर आला की सर्वात आधी कोपऱ्यात लिहायचं: "एक बारीक घर = इतके." आडव्या अक्षासाठी वेगळं, उभ्यासाठी वेगळं, कारण दोन्हींचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. उभ्या अक्षाच्या नावापुढे कंसात "हजारांत" किंवा "शेकड्यांत" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही त्याच वेळी टिपून घ्यायचं. या दोन ओळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. माझ्या अनुभवात निम्म्या चुका त्या अर्ध्या मिनिटातच थांबतात.

आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे बघायचं. याला मी फार महत्त्व देतो, कारण हे परीक्षेपुरतं नाही. सोयाबीनचा हमीभाव घ्या. २०२१-२२ मध्ये क्विंटलला ३९५० रुपये, मग ४३००, ४६००, ४८९२ आणि २०२५-२६ मध्ये ५३२८. याचा स्तंभालेख काढताना कुणी उभा अक्ष ३८०० पासून सुरू केला आणि १ सेमी = २०० रुपये धरले, तर पहिला स्तंभ पाऊण सेंटिमीटरचा येतो आणि शेवटचा साडेसात सेंटिमीटरच्याही वर जातो. बघणाऱ्याला वाटतं, भाव दहापट झाला! खरी वाढ १३७८ रुपये, म्हणजे चार वर्षांत सुमारे ३५ टक्के. असा अक्ष कापायला गणिताची हरकत नाही. पुस्तकात त्यासाठी आरंभबिंदूपाशी, म्हणजे दोन अक्ष मिळतात तिथं, छोटी नागमोडी खूण करतात. पण ती खूण दिसली की स्तंभांच्या उंचीची आपसात तुलना करायची नाही, अक्षावरचे आकडे वाचूनच बोलायचं. "किती पट?" असा प्रश्न आला तर मुलं पट्टी लावून मोजायला जातात, त्यांना तिथंच थांबवा. हाच आलेख शून्यापासून, १ सेमी = ५०० रुपये धरून तुम्ही दोघींनी काढून बघा. पहिला स्तंभ ७.९ सेमी आणि शेवटचा साडेदहाच्या थोडा वर येईल. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि तिला विचारा, शेतकऱ्याला कोणता दाखवशील, आणि का.

विदर्भातल्या मुलांना आलेख शिकवायला पावसासारखं दुसरं साधन नाही. आमच्याकडे मिरग लागला की घरोघरी एकच विषय, पेरायचं की थांबायचं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. हे एक शाब्दिक उदाहरणच आहे. समजा, १० जूनपासून रोजचा पाऊस असा पडला, मिलिमीटरमध्ये: १२, ०, २५, ८, ०, ०, ४०, १८. याचे रोजचे स्तंभ काढले तर उंचसखल दात दिसतात, आणि पेरणीचं उत्तर त्यांत कुठंच दिसत नाही. आता रोजची बेरीज करत चला: १२, १२, ३७, ४५, ४५, ४५, ८५, १०३. या एकूण पावसाची रेषा काढा. उभ्या अक्षावर ७५ पाशी आणि १०० पाशी पेन्सिलीनं आडव्या रेघा मारा. पावसाची रेषा ७५ ची रेघ १६ जूनला ओलांडते, १०० ची १७ जूनला. बिंदूपासून खाली उतरलात की तारीख मिळाली.

याच आलेखावर वर्गात हमखास वाद होतो. मी विचारतो, "१४ आणि १५ तारखेला काय झालं?" रेषा तिथं आडवी आहे. काही मुलं म्हणतात, "पाऊस सारखाच चालू होता, झड लागली होती." त्यांना वाक्य म्हणायला लावतो: "१३ तारखेपर्यंत एकूण ४५ मिलिमीटर पडला. १४ तारखेपर्यंत एकूण ४५ मिलिमीटर पडला." मग मुलं स्वतःच म्हणतात, "म्हणजे उघाड होती." मग मी पुढचं विचारतो: ही रेषा कधी खाली येईल का? एकदा पडलेला पाऊस परत वर जात नाही, म्हणून एकूण पावसाची रेषा खाली येऊच शकत नाही. फार तर आडवी राहील. रोजच्या पावसाची मात्र वरखाली होईल. पाऊस तोच, पण उभ्या अक्षावरचं नाव बदललं की आडव्या रेषेचा अर्थ बदलला. लेकीला एवढं एक उमगलं, तर वेग-वेळेचा आणि अंतर-वेळेचा आलेख यांतही ती गोंधळणार नाही. वेग-वेळेच्या आलेखात आडवी रेषा म्हणजे गाडी एकसारख्या वेगानं धावते आहे. अंतर-वेळेच्या आलेखात तीच रेषा म्हणजे गाडी उभी आहे.

मिलिमीटर हे माप मुलांना हवेतलं वाटतं, म्हणून एक जोड देतो. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसात एका एकरावर चार लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. हा हिशोब मुलं घरी जाऊन बापाला सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी बाप शाळेत विचारायला येतो, हे मी पाहिलं आहे.

दोन रेषांचा आलेख आठवीपासून थोडा आणि दहावीत दोन चलांच्या समीकरणांबरोबर भरपूर येतो. त्याची ओळख आत्ताच करून द्या, अवघड नाही. गावात दोन ट्रॅक्टरवाले आहेत असं धरा. पहिला यायचेच ३०० रुपये घेतो आणि वर तासाला ८००. दुसरा यायचं काही घेत नाही, तासाला ९००. आडव्या अक्षावर तास, उभ्यावर रुपये. दुसऱ्याची रेषा आरंभबिंदूतून निघते. पहिल्याची ३०० वरून निघते, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच ३०० लागले, हे त्या बिंदूचं वाक्य. रेषेचा चढ म्हणजे दर तासाचा भाव. चढाचा अर्थ काय हे पाठ करायची गरज नाही. उभ्या अक्षाचं एकक घ्या, "दर" म्हणा, आडव्या अक्षाचं एकक म्हणा. रुपये दर तास. सायकलीच्या आलेखात किलोमीटर दर तास. पावसाच्या आलेखात मिलिमीटर दर दिवस.

दोन्ही रेषा ३ तासांपाशी छेदतात, २७०० रुपयांवर. त्या बिंदूचं वाक्य असं: तीन तास काम केलं तर दोघांनाही २७०० च द्यावे लागतात. त्याच्या डावीकडे दुसऱ्याची रेषा खाली, म्हणून कमी कामाला तो स्वस्त. उजवीकडे पहिला स्वस्त. "पाच तासांना कोण स्वस्त, आणि कितीनं?" असं विचारलं तर ५ वर उभी रेघ मारायची आणि दोन रेषांमधली उभी जागा मोजायची. १ सेमी = ५०० रुपये प्रमाण असेल तर एक बारीक घर ५० रुपयांचं, जागा चार घरांची, म्हणजे २०० रुपये. पडताळा करा: ४३०० आणि ४५००. मुलं इथं "छेदतात" म्हटलं की लगेच "टक्कर झाली" म्हणतात, विशेषतः गाड्यांच्या आलेखात. तेव्हाही वाक्यच म्हणायला लावायचं.

दोन रेषांमधल्या जागेला अर्थ असतो, ही गोष्ट फार जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडची डेन्मार्क-नॉर्वेशी होणारी आयात आणि निर्यात अशा दोन रेषांत मांडली. १७०० ते १७८० असा काळ. रेषा मधे एकमेकींना ओलांडतात. ओलांडण्याआधीची जागा म्हणजे तूट आणि नंतरची म्हणजे शिल्लक. स्तंभालेखही त्यांनी त्याच वर्षी वापरला आणि वृत्तालेख, म्हणजे वर्तुळाचे वाटे करून काढलेला आलेख, १८०१ मध्ये. "हे कोणी काढलं?" असं विचारणारं एखादं मूल वर्गात असतंच, त्याच्यासाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वृत्तालेखाबद्दल थोडक्यात. पूर्ण वर्तुळ ३६० अंश म्हणजे एकूण रक्कम. एकूण खर्च २४,००० आणि मजुरीचा कोन १२० अंश असेल तर मजुरी त्याच्या एक तृतीयांश, ८०००. सापळा एकच आहे: दोन शेतांचे दोन वृत्तालेख देतात आणि विचारतात, "खतावर कोणी जास्त खर्च केला?" दोघांचा एकूण खर्च दिलेला नसेल तर उत्तर सांगताच येत नाही, कोन कितीही मोठा असो.

आता एक पुढची पायरी. उदाहरणात आलेख दिलेला नसला तरी काढायचा. मी हे हुशार मुलांकडून मुद्दाम करून घेत असे. "दोन गावं ६० किलोमीटर अंतरावर. एसटी आठला पहिल्या गावाहून ताशी ४० नं निघते. साडेआठला दुसऱ्या गावाहून मोटरसायकल ताशी ६० नं समोरून निघते. कुठं भेटतील?" एसटीची रेषा खालून वर, मोटरसायकलची ६० वरून खाली. हातानं कच्ची काढली तरी दिसतं की भेट नऊच्या थोडी आधी होते, आणि मध्यापेक्षा दुसऱ्या गावाकडे. मग समीकरण मांडा, ८ वाजून ५४ मिनिटं आणि ३६ किलोमीटर येतं. ज्या मुलानं आधी आलेख काढला, त्याचं उत्तर चुकून साडेनऊ आलं तर तो स्वतःच थबकतो. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचं वेळापत्रक अशाच वेळ-अंतराच्या आलेखावर मांडतात. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेषा जिथं छेदतात, ती जागा स्टेशनावरच यावी लागते, कारण तिथंच एक गाडी बाजूच्या रुळावर घेता येते.

आलेखावरून वाचलेलं उत्तर नजरेच्या अंदाजानं घेतलेलं असतं, हेही तिला सांगून ठेवा. ट्रॅक्टरच्या आलेखात छेदबिंदू २.९ तासांपाशी वाटला तर तो समीकरणात घालून तपासायचा. दहावीला आलेख पद्धतीनं समीकरणं सोडवताना ही पडताळणी केल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढू नये.

तुम्ही विचारलंत, सुरुवात कुठून करू. बाजारातून सराव पुस्तकं आणायची घाई करू नका. पाऊस चालू असेल तर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा एखादा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवा, झाडाखाली नको. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजा, टिपा आणि डबा रिकामा करा. हवामान खातंही २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं, त्यामुळे पेपरातल्या तुमच्या तालुक्याच्या आकड्याशी ताडून बघता येईल. पाऊस नसेल तर सायकलीचा आलेख तिलाच काढू द्या, तिच्या स्वतःच्या शाळेच्या रस्त्याचा: घरून किती वाजता निघाली, फाटा किती वाजता आला, मैत्रिणीसाठी किती वेळ थांबली, शाळा किती वाजता. ज्या रस्त्यानं ती रोज जाते त्याच्या आलेखात तिला टेकडी दिसणार नाही.

पहिले आठ दिवस तिला एकही गणित विचारू नका. रोज पाच ठिकाणी बोट ठेवा आणि वाक्य म्हणायला सांगा. तिनं "रेषा वर गेली", "इथं वळली" असं सांगितलं तर ती अजून चित्र बघते आहे. बोट पुन्हा खाली आणि डावीकडे न्यायला लावा. "पावणेदहाला मी फाट्यावर होते, घरापासून अडीच किलोमीटर" असं ती न अडखळता म्हणायला लागली, की सराव परीक्षेतले तेच चुकलेले प्रश्न तिच्यापुढे ठेवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा.